उतार विचारणारा मेस्त्री

दिगंबर मेस्त्रींनी मला पहिल्यांदा हाक मारली ती मोटारीचं चाक फिरवायला.

नांदगावच्या हायस्कूलात गणिताची शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर मेस्त्रींचं गॅरेज, गॅरेजच्या मागे त्यांचं घर आणि घराला लागून दोन खोल्या. त्या मी भाड्याने घेतल्या होत्या. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन परत येत होते, तर गॅरेजात एक जुनी मोटार मागून उचलून ठेवलेली आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले.

"कोण, बाईनू?" गाडीखालून आवाज आला. "तुमी गणिताच्या बाई मा?"

"हो."

"मगे त्ये वह्ये ठेवा थंयच आणि ह्या चाक फिरवा. सावकाश. बरोबर दोन फेरे. मी खाली मोजतंय."

दुसऱ्या बाजूच्या चाकाला लाकडी ठोकळा लावून ते अडवलेलं होतं. टायरवर खडूची रेघ होती. मी दोन फेरे फिरवले. खालून मोजणी ऐकू येत होती, "तीन... चार... साडेचार आणि वायच." मग म्हणाले, "परत." मी परत फिरवलं. असं पाच वेळा झालं आणि पाचही वेळा उत्तर तेच आलं. मग ते सरपटत बाहेर आले. साठीकडे झुकलेला सडपातळ माणूस, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, आणि डोळे असे की घरी चूल चालू राहिली आहे हे आत्ताच आठवलंय.

"पहिल्यांदाच बरोबर आलं होतं की," मी म्हटलं.

"पयल्यांदाच बरोबर इला, म्हणानच माझो विश्वास बसाक नाय."

त्या दिवशी मला मोटारीच्या मागच्या आसात काय असतं ते कळलं. तिथे एका पेटीत दोन दातेरी चाकं असतात, एक लहान आणि एक मोठं. इंजिनाकडून येणारा दांडा लहान चाक फिरवतो, लहान चाक मोठ्याला फिरवतं आणि मोठ्याबरोबर रस्त्यावरची चाकं फिरतात. लहानाला नऊ दाते आणि मोठ्याला एक्केचाळीस असतील, तर दांड्याचे साडेचार फेरे झाले की चाकांचा एक होतो; एक चाक अडवलेलं असलं तर मोकळ्याचे दोन. अशी गाडी चढावर जोर करते, पण सपाटीवर लवकर धापा टाकते. अकरा आणि त्रेचाळीस दात्यांची जोडी घातली तर फेरे चारच्या खाली येतात. गाडी सपाटीवर आरामात पळते, चढावर मात्र कुरकुरते. मेस्त्री पहिलीला चढाची जोडी म्हणत आणि दुसरीला वेगाची.

जुन्या गाड्यांचं मूळ इंजिन संपलं की लोक त्यात दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवून घेत. इंजिन बसवणारे कणकवलीत होते, कुडाळात होते, सावंतवाडीतही होते. पण इंजिन बदललं की मागची जोडी कोणती ठेवायची, हे विचारायला माणसं नांदगावात येत. आणि जो येई त्याला आधी मेस्त्रींच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत.

"गाडयेत बसतली किती माणसा? त्यात म्हातारी किती? घराकडची वाट कशी, चढाची काय सपाट? घाट खंयचो चढतास? आणि उतरतास खंयच्या घाटान?"

शेवटच्या प्रश्नाला गिऱ्हाइकं हसत. चढलो त्याच घाटाने उतरणार, आणखी कुठून? मेस्त्री हसत नसत. "चढाचा सगळे इचारतत," ते मला एकदा म्हणाले. "उताराचा कोणच इचारीत नाय. गाडी काय वर ऱ्हवाक जाता?"

काळजी हा त्या माणसाचा धंदाच होता म्हटलं तरी चालेल. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली की ते तिच्या मागोमाग रस्त्यापर्यंत चालत जात आणि आवाज नाहीसा होईपर्यंत मान वाकडी करून उभे राहत. घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत जेवायला बसत नसत. त्यांची बायको, सुमनवयनी, ताट वाढून झाकून ठेवी आणि मला म्हणे, "गाडी गेली बांद्याक आणि आमचो भात गेलो थंड."

बांद्याचीच एक गोष्ट. तिथल्या एका दुकानदाराची गाडी मेस्त्रींनी सकाळी दिली. दुपारी बाराच्या सुमारास ते माझ्या दारात उभे. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती.

"बाईनू, मी सकाळी मागच्या पेटयेचो तेलाचो बूच आवळलंय काय?"

"मला कसं माहीत असणार?"

"तुमी खिडकीत होतास मा. पाना माझ्या हातात बगलास काय?"

मी पाना बघितला नव्हता. दुकानदाराचा फोन लागेना. मेस्त्रींनी स्कूटर काढली आणि साठ-पासष्ट किलोमीटर बांद्याला गेले. बूच घट्ट आवळलेलं होतं. आता इतक्या लांब कशाला आलात, असं दुकानदाराने विचारल्यावर खरं सांगायची लाज वाटली, म्हणून "बाजारात काम होता" असं सांगितलं. मग ते खरं दिसावं म्हणून बाजारात जाऊन नको असलेली केरसुणी विकत घेतली. संध्याकाळी स्कूटरला केरसुणी बांधून परत आले, तेव्हा सुमनवयनी हसून हसून ओट्यावर बसली. मेस्त्री मात्र गंभीरच होते. "हसा नको. सैल असता तर?"

"सैल असता तर?" या तीन शब्दांवर तो माणूस जगत होता.

दुसरी गोष्ट मुंबईहून आलेल्या एका तरुणाची. आजोबांच्या गाडीत त्याने परदेशी बनावटीचं मोठं इंजिन बसवून आणलं होतं. त्याला चौपदरी रस्त्यावर वेग हवा होता. मेस्त्रींनी घराची वाट विचारली. त्याने उडवून लावलं. मेस्त्री दुसऱ्या दिवशी त्याच्या गावी जाऊन ती वाट स्वतः चालून आले आणि म्हणाले, "वेगाची जोडी तुका घालूची नाय. तुज्या घराकडची घाटी खडी आसा." तो रागावून दुसरीकडे गेला आणि हवी ती जोडी घालून आला. गणपतीत बातमी आली. गाडीत आईवडील, बायको, पोरं आणि सामान घेऊन तो घाटीच्या तळाशी पोचला आणि गाडी चढेना. क्लचचा वास सुटला. शेवटी सगळ्यांना उतरवून त्याने गाडी वळवली आणि उलटा गियर टाकून पाठमोरी वर नेली, कारण त्या गाडीत सगळ्यात जास्त जोर उलट्या गियरमध्येच होता. गावभर हसं झालं. मेस्त्रींना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "आणि उतारार? उतारार काय झाला? कोणी बगलानी काय?"

इतकी कसली भीती, हे मला बाळाकडून कळलं.

बाळा हा मेस्त्रींचा लहानपणापासूनचा मित्र. तिठ्यावर त्याची पान-बिडीची टपरी होती. डावा पाय गुडघ्यातून वाकत नसे. रोज दुपारी टपरी बंद करून तो पाय ओढत गॅरेजात येई आणि बाकड्यावर बसून चहा घेई. दोघं फारसं बोलत नसत. मेस्त्री काम करत राहत, पण बाळा असेपर्यंत त्याच्या बाजूला तोंड करत नसत, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, जुनं काही भांडण असेल.

एका दुपारी मेस्त्री सामान आणायला कणकवलीला गेले होते. बाळा आला, चहा माझ्याकडे झाला. पायाचा विषय त्यानेच काढला.

"मी एका मालकाची टॅक्सी चलवी होतंय, बाई. फोंडा ते कोल्हापूर. माझे गाडयेत डिझेल इंजिन बशयला आणि दिगान वेगाची जोडी घातल्यान. मीच सांगलेला, माका तेल कमी खाणारी गाडी व्हयी. एक दिवस घाट उतरताना ब्रेक तापले. पाय दाबतंय तर खाली काय नायच. आत सात माणसा. मी गाडी डोंगराक घासत नेलंय. माणसा वाचली. माझो पाय खाली पत्र्यात चेपलो."

"मेस्त्रींची चूक होती?"

"कोणी तसा म्हणाक नाय. मी पण नाय. पण तेका वाटता, चढाची जोडी असती तर उतारार इंजिनानच गाडी धरल्यान असती." बाळाने कपबशी खाली ठेवली. "वीस वर्सा झाली. माझो पाय दुखाचो थांबलो, पण तेचो नाय."

मिठबावचे तांडेलकाका आले ते त्यानंतरच्या वर्षी. आयुष्यभर बोटीवर इंजिनखोलीत काम केलेला, रुंद खांद्याचा आणि खणखणीत आवाजाचा माणूस. आता मात्र चेहरा सुजलेला होता, कारण मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला होता आणि दर पंधरा दिवसांनी घाट चढून तिकडे जावं लागत होतं. भाड्याच्या गाडीत उलट्या होत. स्वतःची जुनी अँबॅसिडर मागच्या परड्यात पडून होती. तिचं पेट्रोल इंजिन संपलं होतं. त्यांनी तिच्यात एका टेम्पोचं डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि गाडी नांदगावात आणली. बरोबर मुलगी होती, नमिता. तिशीतली, शांत, बापाच्या औषधांची पिशवी छातीशी धरलेली.

मेस्त्रींनी आपले प्रश्न सुरू केले. काकांनी ते मध्येच तोडले.

"मेस्त्री, चाळीस वर्सा मी इंजिनातच काढलंय. डिझेलाचे फेरे कमी. तेका वेगाची जोडी व्हयी. बुकात बघा."

"बुकात आसा ता खरा," मेस्त्री म्हणाले. "पण गाडी चलवतला कोण?"

"मी," नमिता म्हणाली. "शिकून तीन महिने झाले."

मेस्त्रींनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं, परत उलगडलं, परत घडी केलं. मग ते माझ्याकडे आले.

मी टायरचा घेर मोजला आणि कागदावर गणित मांडलं. ऐंशीच्या वेगाला चढाच्या जोडीवर इंजिनाला मिनिटाला तीन हजार फेरे मारावे लागत होते, वेगाच्या जोडीवर अडीच हजार. तीन हजाराला ते जुनं इंजिन कानठळ्या बसवत होतं आणि सगळी गाडी थरथरत होती. वेगाच्या जोडीने चढावरचा जोर कमी होणार होता तो सातात एक हिस्सा. आजारी माणूस, लांबचा प्रवास. मी म्हटलं, "काकांचं बरोबर आहे. वेगाची घाला."

मेस्त्रींनी कागद उलटसुलट पाहिला. "बाईनू, ह्या गणितात उतार खंय आसा?"

गणितात उतार नव्हता. मी तसं कबूल केलं, पण उत्तर बदललं नाही. काका आणि मी, दोघं शिकलेले एका बाजूला. मेस्त्रींनी वेगाची जोडी घातली. तीन दिवस ते काम चाललं होतं आणि तीन दिवस सुमनवयनी झाकलेली ताटं उघडून कावळ्याला घालत होती.

गाडी तयार झाली, पण ते ती देईनात. चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी आवाज आला म्हणून बाहेर आले, तर मेस्त्री गाडीत चिरे भरत होते. घराला लावतात तेच जांभे चिरे, एकेक उचलताना कंबर मोडेल असे. डिकीत पाच आणि मागच्या सीटच्या पायांशी तीन.

"माणसांचो भार," ते म्हणाले. "तुमी मागे बसा, बाईनू. वही घेवा. पाणी तापल्याचो काटो खंय जाता, ता लिवा."

तेवढ्यात बाळा टपरी तशीच बंद ठेवून आला आणि पुढचं दार उघडून बसला. अपघातानंतर तो घाटात गेला नव्हता. मेस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली.

फोंड्यापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. मला मनातून बरं वाटत होतं. घाट लागला तशी पहिल्या दोन वळणांतच इंजिन कण्हायला लागलं. दुसऱ्या गियरमध्ये ओढेना. पहिला टाकावा लागला. वळण संपलं की परत दुसरा, पुढचं वळण आलं की परत पहिला. पाण्याचा काटा चढत होता आणि मी आकडे लिहीत होते. पण गाडी वर पोचली. वर गाडी वळवून मेस्त्रींनी इंजिन थंड होऊ दिलं. तोंडावर पाणी मारलं.

मग उतार सुरू झाला.

दुसऱ्या गियरमध्ये गाडीला धरायला कोणी नव्हतंच. इंजिन तिला अडवेना. पाठीमागचे चिरे तिला ढकलत होते. मेस्त्री ब्रेक दाबत, सोडत, परत दाबत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर मला वास आला, जळक्या केसांसारखा. मी वहीत काही लिहीत नव्हते. दरीच्या बाजूची झाडं फार लवकर मागे जात होती. आरशात मेस्त्रींचे डोळे दिसले. ते रस्त्यावर होते, पण रस्ता बघत नव्हते.

"दिगा," बाळा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "पाय काड नको. पयलो घाल."

मेस्त्री ऐकत नव्हते.

"दिगा! पयलो! आणि डाव्या अंगाक घे, डोंगराकडे."

खडखडाट झाला, इंजिन किंचाळलं, मी पुढच्या सीटवर आपटले. गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला खेटून थांबली. चाकांमधून बारीक धूर येत होता. बाळा दार उघडून उतरला आणि पाय ओढत जाऊन त्याने दोन दगड शोधले, चाकांपुढे लावले. मग मेस्त्रींच्या बाजूला आला. मेस्त्रींचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. बाळाने एकेक बोट सोडवलं.

आम्ही तिघं कठड्यावर बसलो. एक एसटी भरून खाली गेली.

"तुका आज सांगतंय," बाळा म्हणाला. "त्या दिसा मी तिसऱ्यात होतंय."

मेस्त्रींनी मान वर केली.

"तिसऱ्यात उतरी होतंय. रोजच. पोरग्याचो वाढदिवस होतो, घराक जावची घाई होती. जोडी खंयचीय असती तरी ब्रेक तापतलेच."

"वीस वर्सा तू माका ह्या सांगूक नाय?"

"सांगलंय असतंय तर टॅक्सीच्या मालकान माका उभो केलो नसतो. मगे सांगाचा ऱ्हवान गेला. मगे लाज वाटाक लागली." बाळा रस्त्याकडे बघत होता. "तू माझ्याकडे बघी नाय होतंस, तेवा माका वाटा, तुका कळलाहा."

मला तिथे बसायची चोरी झाली. मी उठून चाकांचा धूर बघायला गेले. परत आले तेव्हा दोघं तसेच बसलेले होते. मेस्त्रींनी बाळाच्या ताठ गुडघ्यावर हात ठेवला होता. ते रडत नव्हते. फक्त मान हलवत होते, हो की नाही ते कळत नव्हतं.

मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस काळजी सोडेल. तसं काही झालं नाही. खाली येताना ते पहिल्या गियरमध्ये पायी चालायच्या वेगाने आले, मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, आणि गॅरेजात पोचताच त्यांनी जॅक लावला. त्याच दिवशी वेगाची जोडी बाहेर काढली.

तांडेलकाका भयंकर चिडले. "अवो, पण इंजिन बोंबलतला! किती वर्सा टिकतला ता?"

"इंजिन दुसरा मेळात," मेस्त्री म्हणाले. एरवी गिऱ्हाइकापुढे त्यांचा आवाज खाली जाई. त्या दिवशी नाही गेला. "काका, चेडू तीन म्हयने गाडी चलवता. वळणार एक हात गियरार, एक स्टिअरिंगार, आणि मागे तुमी ओकतास. तिणा काय काय करूचा? दुसऱ्यात चढाक व्हया आणि दुसऱ्यातच उतराक व्हया. घाटात तिचो हात गियराक लागाचोच नाय. ही जोडी मी तेच्यासाठी घालतंय. तुमच्या इंजिनासाठी नाय."

काका मुलीकडे बघून म्हणाले, "दर्याक उतार नसता गो. म्हणान माका सुचूक नाय."

मेस्त्रींनी आवाजासाठी जे करता येईल ते केलं. बॉनेटच्या आत लोकरीचा जाड नमदा चिकटवला, पायांखाली रबराच्या दुहेरी चटया घातल्या, दारांची रबरं बदलली. पासष्टच्या वर न्यायची नाही अशी नमिताकडून शपथ घेतली. मग तिला शेजारी बसवून, म्हणजे तिला चालवायला बसवून आणि स्वतः शेजारी बसून, त्या घाटात तीनदा वरखाली केलं, चिऱ्यांसकट. घाट लागला की दुसरा गियर, घाट संपला की तिसरा. मधे फक्त स्टिअरिंग. तिसऱ्या खेपेला नमिता उतरताना गाणं गुणगुणत होती म्हणे. मेस्त्रींनी तिला गप्प केलं.

त्यानंतर सव्वा वर्ष, दर दुसऱ्या मंगळवारी, ती निळी अँबॅसिडर सकाळी तिठ्यावरून फोंड्याकडे जाई. लांबूनच आवाज येई. मेस्त्री रस्त्यावर येऊन उभे राहत. नमिता हात करी, काका मागच्या खिडकीतून मान हलवत. मग दिवसभर मेस्त्रींचं कामात लक्ष नसे. मधल्या सुट्टीत घरी आले की मी विचारी, "जेवलात?" ते म्हणत, "येवंदेत." साडेचार-पाचला आवाज आला की ते हात धुऊन आत जात. एकदा पावसात दरड आली आणि गाडी सातपर्यंत आली नाही. त्या दिवशी बाळा आणि ते भिजत तिठ्यावर उभे होते, एका छत्रीत. मी पण गेले. आवाज आला तेव्हा बाळाने मेस्त्रींच्या पाठीत जोरात गुद्दा घातला आणि मेस्त्रींनी तो हसत खाल्ला.

तांडेलकाका गेले ते घरीच, स्वतःच्या खाटेवर, सकाळची पेज घेऊन झाल्यावर. नमिता सांगायला मुद्दाम आली. तिने मेस्त्रींच्या पायांना हात लावला. "एकदाय घाटात गाडी थांबाक नाय, मेस्त्रीकाका," ती म्हणाली. मेस्त्रींनी विचारलं, "ब्रेक कधी तापले काय?" ती नाही म्हणाली. त्यांनी परत विचारलं. ती परत नाही म्हणाली.

गेल्या वर्षी मेस्त्रींच्या छातीत दुखायला लागलं. कोल्हापूरला ऑपरेशन ठरलं. मुलगा बदलापूरला नोकरीला, तो थेट तिकडे येणार होता. भाड्याची गाडी नको म्हणून मेस्त्री हटून बसले होते, तेव्हा नमिता मिठबावहून गाडी घेऊन आली. ऑपरेशन नीट झालं. मुलाने त्यांना तिकडूनच बदलापूरला नेलं आणि पाच महिन्यांनी, तिथेच, ते झोपेत गेले. नांदगावला त्यांचं परत येणं झालं नाही.

ते कोल्हापूरला निघाले त्या सकाळी मी शाळेत होते. पहिला तास संपवून फाटकापर्यंत धावत आले, तेवढ्यात गाडी शाळेसमोर येऊन थांबली. नमिताने माझ्यासाठीच थांबवली होती. मागे सुमनवयनी आणि बाळा, दोघांच्या मांडीवर डबे आणि पिशव्या. मेस्त्री पुढे. मी खिडकीशी वाकले आणि हाक मारणार, तोच नमिताने ओठांवर बोट ठेवलं.

ते झोपले होते. डोकं दाराला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं. इंजिन बॉनेटखाली धडधडत होतं आणि त्या थरथरीने त्यांची हनुवटी हलत होती.

"अजून घाट लागाचो आसा," बाळा मागून हळू आवाजात म्हणाला. "निजांदे."

नमिताने पहिला गियर टाकला, आणि गाडी हलली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.